यंत्रयुग आणि श्रमिक : गिरणीच्या धोट्यापासून यंत्रमानवापर्यंत

औद्योगिक क्रांतीचा पाठ आम्ही गेली पंचवीसहून अधिक वर्षे शिकवीत आलो आहोत. पूर्वी या पाठानंतर मुले विचारीत, "सर, वाफेचे इंजिन कोणी शोधले?" अलीकडे वेगळाच प्रश्न येतो. "सर, सगळी कामे यंत्रेच करणार असतील, तर आम्ही आयटीआयला कशाला जायचे?"

गेल्या पावसाळ्यात आपल्याच वसतिगृहात वाढलेला एक माजी विद्यार्थी आम्हांस भेटावयास आला होता. एका मोटार कारखान्यात तो वेल्डर होता. गाडीचा सांगाडा जोडण्याचे काम तेथे आता यंत्रमानव करतात. कंत्राट संपल्यावर त्याला पुन्हा बोलावणे आले नाही. तो म्हणाला, "सर, माझ्या कामात चूक नव्हती. माझे काम माझ्यापेक्षा चांगले करणारा आला, एवढेच." आम्ही त्याला नवे काही शिकून घेण्याचा सल्ला दिला. त्याने मान हलवली आणि तो निघून गेला. परंतु आमचे उत्तर अपुरे होते, ही जाणीव मागे राहिली. त्या अपुऱ्या उत्तराची भरपाई म्हणून हा लेख लिहीत आहोत.

वेठ या शब्दापासून

कारखान्यातील यंत्रमानवाला आपण 'रोबोट' म्हणतो. कारेल चापेक या चेक लेखकाने १९२० साली लिहिलेल्या 'आर. यू. आर.' या नाटकातून हा शब्द जगभर गेला. चेक भाषेतील 'रोबोता' या शब्दावरून तो घडला. या शब्दाचा मूळ अर्थ आहे वेठ, म्हणजे सरंजामदाराच्या शेतावर कुळाने सक्तीने करावयाचे काम.

आपल्या समाजाला हा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या पूर्वजांनी महारकी वतनाच्या नावाखाली पिढ्यान्‌पिढ्या रात्रंदिवस सरकारची आणि गावाची कामे केली. सांगावे पोहोचवले, मेलेली ढोरे ओढली आणि त्याबदल्यात तुटपुंजी जमीन व बलुते यांवर गुजराण केली. या वतनपद्धतीत सुधारणा व्हावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. ती वतने प्रत्यक्ष रद्द होण्यासाठी मात्र १९५८ चा कायदा यावा लागला.

वेठीचे काम माणसाऐवजी लोखंडाने करावे, ही कल्पना म्हणूनच आम्हांला मुळीच वाईट वाटत नाही. वेठ यंत्राकडे गेल्यावर मोकळ्या झालेल्या माणसाचे पुढे काय होते, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी मुंबईच्या गिरण्यांकडे वळले पाहिजे, कारण आपल्या समाजाची आधुनिक यंत्राशी मोठ्या प्रमाणावर पहिली गाठ तेथेच पडली.

गिरणी : उघडलेले दार आणि बंद दार

मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापन केली. पुढे गिरणगाव उभे राहिले, तेव्हा कोकण आणि देशावरून माणसे भोंग्याच्या आवाजावर जगू लागली. त्यांत आमचे आजोबाही होते. रत्नागिरी जिल्ह्यातील गाव सोडून ते मुंबईला आले आणि एका गिरणीच्या रिंग खात्यात, म्हणजे सूत कातण्याच्या खात्यात, लागले. गावात पाटलाच्या हाकेला धावणाऱ्या माणसाला येथे महिन्याचा रोख पगार मिळू लागला. कामाची वेळ ठरली. गिरणीने आपल्याला दिलेली ही मोकळीक नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

परंतु त्याच गिरणीत एक दार बंद होते. विणाई खात्यात अस्पृश्य कामगारास प्रवेश नव्हता. या खात्यात पगार अधिक असे. बंदीचे कारण जाणून घेण्यासाठी आधी यंत्राची रचना समजून घ्यावी लागते. साच्यावर कापड विणताना धोटा इकडून तिकडे धावतो. धोट्याच्या पोटात सुताची कांडी असते. काही मिनिटांत कांडी संपली की साचा थांबवून नवी कांडी घालावी लागे आणि तिच्या सुताचे टोक धोट्याच्या बारीक छिद्रातून बाहेर काढावे लागे. त्यासाठी विणकर छिद्राला तोंड लावून सूत ओढून घेत असे. अस्पृश्याची थुंकी लागलेला धोटा आपल्या तोंडी कसा लावावा, ही सवर्ण कामगारांची हरकत होती. दोन्ही कामगारांचा मालक एक होता आणि पोटही सारखेच जळत होते. तरीही धोट्याच्या त्या छिद्रापाशी जात आडवी आली.

१९२८ साली गिरणीमालकांनी काटकसरीच्या योजना पुढे रेटल्या. दोन साचे चालवणाऱ्या विणकराने तीन चालवावेत आणि रिंग खात्यात एक बाजू सांभाळणाऱ्याने दोन बाजू सांभाळाव्यात, असा त्यांचा आशय होता. त्यातून सुमारे दीड लाख कामगारांचा सहा महिन्यांचा संप घडला. संपाच्या मागण्यांत विणाई खात्याचे दार अस्पृश्यांना खुले करण्याची मागणी असलीच पाहिजे, असा आग्रह बाबासाहेबांनी धरला. संपकरी पुढाऱ्यांना हा आग्रह अडचणीचा वाटला. पण कामगारांच्या एकजुटीची हाक द्यावयाची आणि त्याच वेळी सहकामगाराला अधिक पगाराच्या कामापासून दूर ठेवावयाचे, या विसंगतीवर बाबासाहेबांनी बोट ठेवले होते.

जे यंत्र आले नाही

येथे इतिहासाचा एक दुवा आहे. पाठ्यपुस्तकांत तो सहसा आढळत नाही, पण आजच्या विषयाचा गाभा त्यातच आहे. तोंडाने सूत ओढण्याची पद्धत गिरणीचा अटळ धर्म नव्हती. अमेरिकेत १८९० च्या दशकातच नॉर्थ्रॉपचा स्वयंचलित साचा बाजारात आला. या साच्याला भरलेल्या कांड्यांचे एक फिरते चक्र जोडलेले असे. धोट्यातील सूत संपत आले की साचा न थांबता रिकामी कांडी बाहेर पडे, नवी आत जाई आणि सूत आपोआप ओवले जाई. एक विणकर तेथे सोळा-सोळा आणि पुढे त्याहून अधिक साचे सांभाळू लागला. तोंड न लावता सूत ओवता येईल, असे साधे धोटेही निघाले होते. तोंडाने सूत ओढण्यामुळे रोग पसरतात म्हणून अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ सालीच कायद्याने ही पद्धत बंद केली. ब्रिटनमध्ये ती बंद होण्यास १९५२ साल उजाडले.

मुंबईतील वाद ऐन भरात होता, तेव्हा त्या वादाचे निमित्तच नाहीसे करणारे यंत्र जगात तीस वर्षांहून अधिक काळ उपलब्ध होते. मुंबईच्या गिरण्यांत मात्र मुख्यतः लँकेशायरच्या धर्तीचे जुने साचेच धडधडत राहिले. हात स्वस्त असताना महागडे यंत्र घेण्याची मालकाला गरज नव्हती. त्याने जुन्याच साच्यांवर माणसाचा भार दोनवरून तीनवर नेला.

येथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. नॉर्थ्रॉपचा साचा मुंबईत आला असता, तर सोवळ्याचे निमित्त संपले असते, पण विणकरांच्या जागाही घटल्या असत्या. एकच यंत्र एका बंधनातून सोडवते आणि एक घास हिरावूनही घेते. ते कोठे, केव्हा आणि कोणत्या अटींवर आणावयाचे हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, यावर त्याचे बरेवाईट अवलंबून असते. १९२८ साली तो अधिकार आपल्या आजोबांकडे नव्हता.

बाबासाहेबांची यंत्रविषयक दृष्टी

यंत्राने माणूस बेकार होतो, म्हणून चरख्याकडे आणि खेड्याकडे परत चला, असा विचार त्या काळी प्रभावी होता. बाबासाहेबांनी तो मान्य केला नाही. काँग्रेस व गांधीजींनी अस्पृश्यांसाठी काय केले याचा हिशेब मांडणाऱ्या १९४५ च्या ग्रंथात त्यांनी याविषयी विस्ताराने लिहिले आहे. त्यांच्या प्रतिपादनाचा सारांश असा : पशू केवळ जगतो, माणसाला संस्कृती असते. संस्कृतीसाठी फावला वेळ लागतो आणि सर्वांना फावला वेळ मिळावयाचा असेल तर कष्टाचे काम यंत्राने केले पाहिजे. यंत्रयुगाने अनर्थ केले हे खरे, पण तो दोष यंत्राचा नव्हे. खासगी मालमत्ता व लाभ यांनाच पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचा आहे.

'जातिनिर्मूलन' या १९३६ च्या ग्रंथातील एक मुद्दा आज नव्याने वाचण्यासारखा आहे. उद्योग कधीच स्थिर नसतो, त्यात अचानक बदल होतात आणि अशा वेळी माणसाला धंदा बदलण्याची मोकळीक हवी, असे ते म्हणतात. जातिव्यवस्था धंदा जन्माने ठरवते आणि बदलू देत नाही, म्हणून ती बेकारीचे थेट कारण ठरते. पूर्वी ही अडवणूक धर्माच्या नावाने होत असे. आज ती शिक्षणाचा खर्च, इंग्रजीचा अभाव आणि ओळखीपाळखी या रूपांत होते. यंत्र आल्यावर ज्याला दुसरीकडे जाता येते त्याला बदल म्हणजे संधी असते. ज्याचे सगळे रस्ते अडलेले असतात, त्याला तोच बदल आपत्ती वाटतो.

ही दृष्टी त्यांनी ग्रंथातच ठेवली नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी श्रमिक कायद्यांचा पाया घातला. १९४६ च्या कारखाने दुरुस्ती कायद्याने बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणले. यंत्राने वाचवलेला वेळ कामगाराच्याही वाट्याला येणे याचा अर्थ हाच होता. १९४२ च्या ऑक्टोबरात त्यांनी व्हाइसरॉयना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या, परदेशी शिक्षणाची सोय आणि तांत्रिक कामांत उमेदवारी यांची मागणी होती. आपल्या मुलांनी यंत्राचा केवळ चाकर न होता यंत्राचा जाणकार व्हावे, हा त्यामागील विचार होता.

जुने यंत्र, नवी जागा

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. वडील आजोबांच्याच खात्यात होते. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. वडिलांना परत बोलावणे आले नाही. आईने भांडी मोडीत काढली आणि आम्ही गावी परतलो. पुढल्या जूनमध्ये गावातून एका वसतिगृहात दाखल झालो. ही आमची एकट्याची कहाणी नाही. या स्मरणिकेच्या वाचकांत असे कितीतरी जण असतील.

गिरण्या बंद पडण्यामागे नवे यंत्र होते, असा अनेकांचा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांवर कापडाचे उत्पादन वाढत गेले. तेथील कितीतरी माग साधे, जुन्या बनावटीचे होते. काही तर गिरण्यांनी मोडीत काढलेले साचेच होते. यंत्र तेच होते, पण पाळी बारा तासांची झाली, संघटना राहिली नाही आणि हजेरीपुस्तकावर नाव राहिले नाही. कामगाराचे काम कधी नवे यंत्र हिरावते, तर कधी कायद्याचा हात न पोहोचणाऱ्या जागी जुनेच यंत्र हलवूनही ते हिरावले जाते. हे ध्यानात ठेवले नाही, तर आपण सगळा राग यंत्रावर काढू आणि निर्णय घेणारा नामानिराळा राहील.

आज : यंत्र कोठे आहे, कोठे नाही

जगातील पहिला औद्योगिक यंत्रमानव 'युनिमेट' १९६१ साली अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागला. साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलण्याचे धोक्याचे काम त्याच्याकडे होते. आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या आकडेवारीनुसार २०२३ या एका वर्षात भारतात ८,५१० औद्योगिक यंत्रमानव बसवले गेले. चीनमध्ये त्याच वर्षी ही संख्या सुमारे पावणेतीन लाख होती. आपल्याकडील आकडा अजून लहान आहे, पण तो वाढत आहे आणि मोटारउद्योगात तो ठळकपणे दिसतो. वेल्डिंग व रंगकाम ही धूर, ठिणग्या आणि विषारी वाफा यांची कामे यंत्रमानवाकडे जात आहेत. त्यात माणसाच्या फुप्फुसाचे भले आहे, हे नाकारता येणार नाही.

आता दुसरीकडे पाहू. गटारात आणि मैल्याच्या टाकीत उतरणे हे या देशातील सर्वांत घातक कामांपैकी एक आहे. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा पहिला कायदा १९९३ चा, दुसरा २०१३ चा. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांना प्रत्येकी १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २०२३ साली ही रक्कम ३० लाख केली. मैला साफ करणाऱ्यांची जातनिहाय माहिती केंद्र सरकारने २०२१ च्या डिसेंबरात संसदेत दिली. ज्यांची जात नोंदवलेली होती अशा ४३,७९७ जणांपैकी ४२,५९४ अनुसूचित जातींतील होते. या आकड्यावर भाष्य करण्याची आवश्यकता नाही.

या कामासाठी यंत्र नाही काय? आहे. केरळमधील तरुण अभियंत्यांनी 'बँडिकूट' नावाचा यंत्रमानव तयार केला आणि २०१८ पासून तो तिरुवनंतपुरममध्ये वापरात आला. मॅनहोलमध्ये त्याचा यांत्रिक हात उतरतो, कॅमेरा आतील दृश्य वर दाखवतो आणि चालवणारा माणूस रस्त्यावर सुरक्षित उभा राहतो. गटारात उतरणाऱ्या कामगारांनाच ते चालवण्याचे प्रशिक्षण देता येते, म्हणजे त्यांची रोजीही राहते आणि जीवही राहतो. तरीही माणसे गुदमरून मेल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत.

नॉर्थ्रॉपच्या साच्याची गोष्ट येथे पुन्हा समोर उभी राहते. वेल्डरचा पगार वाचतो आणि काम बिनचूक होते, म्हणून तेथे यंत्र लवकर पोहोचते. गटारात उतरणाऱ्याचा रोज इतका कमी आणि त्याच्या जिवाची किंमत इतकी क्षुल्लक धरली जाते, की तेथे यंत्र महाग वाटते. आमच्या विद्यार्थ्याची नोकरी घेणारे यंत्र आणि सफाई कामगारापर्यंत न पोहोचलेले यंत्र यांचा हिशेब एकाच वहीत लिहिला जातो. माणसाची प्रतिष्ठा हा रकाना त्या वहीत नाही. तो घालून घेणे हे कायद्याचे, संघटनेचे आणि जागृत समाजाचे काम आहे.

सिगालाला दिलेला उपदेश

राजगृहात सिगाल नावाचा तरुण सकाळी सहा दिशांना नमस्कार करीत असता भगवान बुद्धांनी त्याला दिशांचा खरा अर्थ सांगितला. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात हा उपदेश आहे. त्यात खालची दिशा म्हणजे सेवक व कामकरी. मालकाने त्यांच्याशी पाच प्रकारे वागावे : शक्तीनुसार काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, चांगल्या पदार्थांत वाटा द्यावा आणि वेळोवेळी कामातून मोकळीक द्यावी. कामकऱ्यानेही प्रामाणिकपणे व चांगले काम करावे, असे तेथे सांगितले आहे.

यातील चौथे आणि पाचवे कर्तव्य यंत्रयुगात विशेष महत्त्वाचे वाटते. यंत्राने उत्पन्न वाढवले तर त्यात कामकऱ्याचा वाटा असावा आणि यंत्राने वेळ वाचवला तर त्याला विश्रांती मिळावी. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या कसोटीला आजचे किती कारखाने उतरतील, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आपण काय करावे

आमच्या विद्यार्थ्याला आम्ही दिलेले "शिक" हे उत्तर चूक नव्हते. बाबासाहेबांच्या त्रिसूत्रीतील तो पहिला शब्द आहे. चूक एवढीच, की आम्ही पहिल्या शब्दापाशी थांबलो. एकट्याने शिकून एकाची सोय होते. यंत्र कोणत्या अटींवर यावे, आधी कोणाचे काम हलके करावे, जुन्या कामगाराला नवे काम शिकवण्याचा खर्च कोणी सोसावा, हे ठरवण्यासाठी संघटना आणि संघर्ष हे पुढील दोन शब्दही लागतात.

पालकांना आमची विनंती आहे, की मुलाला आयटीआयला घालताना केवळ एका हत्याराचे काम शिकवू नये. वेल्डरने थोडी वीज, थोडे गणित, आराखडा वाचणे आणि यंत्रमानवाला कार्यक्रम देणे हेही शिकावे. मुलींना या शाखांपासून दूर ठेवू नये. माजी विद्यार्थ्यांपैकी जे कारखान्यांत, वीज मंडळात, संगणक क्षेत्रात आहेत, त्यांनी वर्षातून दोन रविवार तरी वसतिगृहात यावे आणि मुलांना आपले काम हातात देऊन दाखवावे. पुस्तकातील यंत्राची भीती वाटते, हाताळलेल्या यंत्राची वाटत नाही. आणि जे नगरपालिकांत व ग्रामपंचायतींत निवडून गेले आहेत, त्यांनी आपल्या गावाच्या गटारात माणूस उतरतो की यंत्र, हा प्रश्न पुढल्या सभेत विचारावा.

हा लेख लिहून झाल्यावर आम्ही त्या विद्यार्थ्याला दूरध्वनी केला. तो सध्या एका लहान कार्यशाळेत फाटके-खिडक्या जोडतो आहे. पगार पूर्वीपेक्षा कमी आहे. पहिल्या रविवारी वसतिगृहात येऊन वेल्डिंग शिकवशील काय, असे विचारले. तो म्हणाला, "येतो सर. पण मुलांना हेही सांगेन, की मला काय शिकायला हवे होते."

अभ्यासासाठी प्रश्न

१. विणाई खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नसण्यामागील तांत्रिक निमित्त आणि सामाजिक कारण यांतील फरक स्पष्ट करा.

२. नॉर्थ्रॉपचा साचा मुंबईत आला असता तर कोणाचा लाभ आणि कोणाची हानी झाली असती? चर्चा करा.

३. यंत्राच्या दुष्परिणामांचा दोष बाबासाहेब कशाला देतात?

४. आपल्या घरातील किंवा वस्तीतील एखाद्या ज्येष्ठ कामगाराची मुलाखत घ्या. त्यांच्या हयातीत कोणते यंत्र आले, कोणते काम गेले आणि कोणते काम अजून हातानेच होते, याची नोंद करा.